चेहऱ्यावरचं तेल आणि कंपवाताची गोळी

गटाच्या बैठकांत आम्ही नेहमी कर्जाचे हप्ते, शेळीपालन, पापड-मसाल्याचा हिशोब यावर बोलतो. आज मात्र घरातल्या एका दुखण्यावर बोलू या. दुखणं तसं लहान दिसतं, पण त्यावरून घराघरांत बोलणी खावी लागतात.

घरात कंपवात झालेलं माणूस असतं. सासूबाई असतात, सासरे असतात, कधी आपली आई असते. हात थरथरतो, चाल मंदावते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आणखी एक गोष्ट हळूहळू दिसायला लागते. सकाळी तोंड धुतलं तरी दुपारपर्यंत कपाळ चमकतं. नाकाच्या दोन्ही बाजूंना तेल साचतं. भुवयांत, कानामागे पिवळसर खपल्या धरतात. डोक्यात कोंडा असा होतो की खांद्यावर पडतो. उशीच्या खोळीवर तेलाचा डाग उमटतो. मग येणारा-जाणारा म्हणतो, "म्हातारीला अंघोळ घालत नाहीत वाटतं." ऐकणारी सून बिचारी रोज पाणी तापवून अंघोळ घालत असते, तरी बोल तिलाच लागतो. आणि ज्या बाईला स्वतःलाच हा आजार आहे, तिला तर वाटतं की आपणच अस्वच्छ झालो. ती हळदीकुंकवाला जात नाही, बैठकीला येत नाही, ओट्यावर बसायचं सोडते.

म्हणून आजची मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. कंपवातात चेहऱ्यावर आणि डोक्यात तेल वाढणं हा त्या आजाराचाच एक भाग असतो. तो कोणाच्या आळसाचा किंवा अस्वच्छतेचा पुरावा नव्हे. त्यावर साधे उपाय आहेत. आणि त्यासाठी कंपवाताची गोळी कधीही आपल्या मनाने बंद करायची नाही.

कंपवातात होतं काय

या आजाराला डॉक्टर पार्किन्सन म्हणतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरांनी 1817 साली एक छोटं पुस्तक लिहून या आजाराचं नीट वर्णन केलं, त्यांचं नाव याला मिळालं. त्यांचा जन्मदिवस 11 एप्रिल. तो दिवस जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे आयुर्वेदाने याला कंपवात म्हटलं, आणि तेच नाव गावात चालतं. काही जण याला लकवा म्हणतात, पण लकवा वेगळा. लकव्यात अंगाची एक बाजू एकदम लुळी पडते. कंपवात हळूहळू, वर्षांवर्षांनी वाढतो.

मेंदूच्या आत खोलवर काही पेशी असतात. त्या डोपामीन नावाचं एक रसायन तयार करतात. आपण हात उचलतो, पाऊल टाकतो, पदर सावरतो, हसतो, या सगळ्या हालचाली सुरळीत व्हायला ते रसायन लागतं. पार्किन्सनमध्ये त्या पेशी एकेक करून मरतात. डोपामीन कमी पडलं की हालचाल मंद होते, अंग ताठ होतं, हात थरथरतो. चेहऱ्याचे स्नायूही ताठरतात. माणूस हसत नाही, पापण्या कमी लवतात. घरच्यांना वाटतं, बाई रागावली आहे. ती रागावलेली नसते. तिच्या चेहऱ्याला मनातलं दाखवता येत नाही, एवढंच.

पण आजार हालचालीपुरता थांबत नाही. आपल्या शरीरात काही कामं आपोआप चालतात. घाम येणं, लाळ गिळणं, आतड्यांची हालचाल, उठल्यावर रक्तदाब सांभाळणं. या कामांवर ज्या नसांचा ताबा असतो, त्यांचा कारभारही कंपवातात बिघडतो. म्हणून बद्धकोष्ठ होतं, तोंडातून लाळ गळते, मध्येच घामाने अंग भिजतं, उभं राहिलं की चक्कर येते. त्वचेवरचं तेलही याच बिघडलेल्या कारभारात वाढतं.

तेल येतं कुठून

त्वचेखाली अगदी बारीक ग्रंथी असतात. केसाच्या मुळाशी त्या चिकटलेल्या असतात आणि त्यातून एक तेलकट पदार्थ पाझरतो. तो वाईट नसतो. त्वचा कोरडी पडून फुटू नये म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे. या ग्रंथी सगळीकडे सारख्या नसतात. डोकं, कपाळ, नाकाच्या बाजू, कानामागचा भाग, छातीचा मधला भाग आणि पाठीचा वरचा भाग इथे त्या जास्त. तळहाताला आणि तळपायाला त्या नसतातच.

कंपवातात काही जणांच्या या ग्रंथी गरजेपेक्षा जास्त तेल सोडतात. सगळ्यांच्या नाही. पण ज्यांच्या सोडतात त्यांचा चेहरा तूप चोळल्यासारखा दिसतो. ही गोष्ट डॉक्टरांना शंभर वर्षांपासून माहीत आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास युरोपात मेंदूला सूज येणाऱ्या एका आजाराची साथ आली. त्यातून वाचलेल्या कित्येकांना पुढे कंपवातासारखा त्रास झाला. त्यांचे चेहरे इतके तेलकट असत की जर्मन डॉक्टरांनी त्याला "मलम फासलेला चेहरा" असंच नाव दिलं होतं.

आता खपल्या आणि खाज कशाने? आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर एक सूक्ष्म बुरशी राहते. तुमच्या, आमच्या, लहान पोरांच्याही. ती तेलावर जगते. तेल बेताचं असेल तर ती गुमान राहते. तेल वाढलं की तीही वाढते. मग ती तेलाचे जे तुकडे करते त्यांनी त्वचा चिडते, लाल होते, खाजते, पापुद्रे सुटतात. यालाच आपण जाड कोंडा म्हणतो, डॉक्टर त्याला तेलकट त्वचेचा दाह म्हणतात. हा संसर्ग नाही. एकाचा टॉवेल दुसऱ्याने वापरला, नातवाने आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं, म्हणून तो लागत नाही. आजीचं ताट-वाटी, अंथरूण वेगळं काढायचं काहीच कारण नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोंडा झाला म्हणजे कंपवात झाला असं मुळीच नाही. कोंडा असणाऱ्या बहुतेकांना आयुष्यात कधी कंपवात होत नाही. पण कोंड्यासोबत हाताची थरथर, लहान होत गेलेलं अक्षर, एका बाजूचा हात न हलवता चालणं, जुनं बद्धकोष्ठ, वास न येणं असं काही दिसत असेल, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. बायांच्या बाबतीत तर "अशक्तपणा आहे, काम जास्त होतं" म्हणून वर्षंच्या वर्षं जातात.

एका बाईचं नाक

स्कॉटलंडमधल्या पर्थ गावच्या एका नर्सबाईची गोष्ट सांगतो. त्यांचं नाव जॉय मिल्न. त्यांचं नाक फार तिखट. त्यांच्या नवऱ्याला पंचेचाळिसाव्या वर्षी पार्किन्सन झाल्याचं कळलं. पण त्याच्या दहा-बारा वर्षं आधीपासून नवऱ्याच्या अंगाला एक वेगळाच, उग्र, कुबट वास येतो हे जॉयबाईंनी ओळखलं होतं. नीट अंघोळ करत नाहीत म्हणून त्या नवऱ्याला बोलायच्याही. पुढे नवरा-बायको पार्किन्सन झालेल्यांच्या एका मदत गटाच्या बैठकीला गेले. खोलीत शिरल्यावर जॉयबाईंना तोच वास तिथल्या इतर माणसांच्या अंगालाही आला. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, वास माणसाचा नाही, आजाराचा आहे.

एका व्याख्यानात त्यांनी शास्त्रज्ञांना सरळ विचारलं की तुम्ही या वासाचा अभ्यास का करत नाही? एडिंबराच्या शास्त्रज्ञांनी मग त्यांची परीक्षा घेतली. बारा जणांनी वापरलेले टी-शर्ट त्यांच्यापुढे ठेवले. सहा पार्किन्सनवाल्यांचे, सहा निरोगी माणसांचे. जॉयबाईंनी सहाही आजारी बरोबर ओळखले. पण निरोगी म्हणून घेतलेल्यांपैकीही एकाला पार्किन्सन आहे असं त्या ठाम म्हणाल्या. शास्त्रज्ञांना वाटलं, इथे चुकल्या. वर्ष उलटायच्या आतच त्या माणसालाही पार्किन्सन असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं.

आता आपल्या विषयाशी याचा संबंध बघा. शास्त्रज्ञांना आधी वाटलं होतं, वास घामाचा असेल, म्हणजे काखेत असेल. निघाला तो मानेच्या मागे आणि पाठीच्या वरच्या भागात, जिथे तेल जास्त पाझरतं तिथे. मँचेस्टरच्या प्राध्यापक पर्डिटा बॅरन यांच्या चमूने पाठीवरून कापसाने ते तेल टिपून तपासलं. या तेलात काही पदार्थांचं प्रमाण निरोगी माणसांपेक्षा वेगळं असतं, असं त्यांनी 2019 साली प्रसिद्ध केलं. अशा तपासणीतून आजार लवकर ओळखता यावा यासाठी संशोधन चालू आहे. आपल्या दवाखान्यात मागावी अशी ही तपासणी अजून नाही. पण या गोष्टीतून एवढं नक्की कळतं की कंपवातातलं तेल वेगळं असतं आणि ते आजारातूनच येतं. "अंघोळ करत नाही" म्हणणं तिथल्या शिकलेल्या नर्सबाईंच्या तोंडूनही निघालं होतं. आता आपल्याला खरं काय ते माहीत झालं आहे, तेव्हा आपण ते म्हणायचं नाही.

गोळीने तेल कमी होतं की वाढतं

आता औषधाकडे येऊ. कंपवातात सगळ्यात जास्त दिलं जाणारं औषध म्हणजे लेव्होडोपा. त्यासोबत कार्बिडोपा नावाचं दुसरं औषध त्याच गोळीत असतं, म्हणजे लेव्होडोपा वाटेत खर्च न होता मेंदूपर्यंत पोचावं. मेंदूत गेल्यावर त्याचंच डोपामीन होतं. 1967 साली अमेरिकेत डॉक्टर कोटझियास यांनी हळूहळू मात्रा वाढवत हे औषध देऊन दाखवलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालायला लागली. तेव्हापासून हेच मुख्य औषध आहे.

या औषधाने तेलाचं काय होतं, हे ब्रिटनमधल्या त्वचेच्या डॉक्टरांनी 1970 च्या दशकात मोजून पाहिलं. ज्यांचं तेल आधीपासून फार वाढलेलं होतं, त्यांच्यातल्या काहींचं तेल लेव्होडोपा सुरू झाल्यावर कमी झालं. सगळ्यांचं नाही, आणि पूर्णपणेही नाही. म्हणून गोळी वेळेवर चालू असली तरी चेहरा थोडाफार तेलकट राहू शकतो. त्याचा अर्थ गोळी लागू पडत नाही असा नव्हे. गोळीचं खरं काम हालचाल मोकळी करणं हे आहे. त्वचेसाठी वेगळी काळजी घ्यावीच लागते.

काही घरांत उलटं होतं. त्वचा बिघडली की सगळा दोष गोळीला दिला जातो. "गोळी उष्ण पडली" म्हणून चार दिवस बंद करतात. हे फार धोक्याचं आहे. लेव्होडोपा एकाएकी बंद केली तर अंग लाकडासारखं ताठ होऊ शकतं, जोराचा ताप चढतो, माणूस भ्रमात जातो, जिवावर बेतू शकतं. गोळी संपत आली की चार-पाच दिवस आधीच आणून ठेवा. यात्रेला, लग्नाला, शेतावर मुक्कामाला जाताना पिशवीत सगळ्यात आधी गोळ्या ठेवा.

गोळी घेताना आणखी दोन गोष्टी सांभाळा. पहिली, जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी ती साध्या पाण्याबरोबर घ्यायची. डाळ, दूध, अंडी, मटण यातली प्रथिनं आतड्यातून आत शिरताना गोळीशी स्पर्धा करतात आणि गोळीचा असर कमी होतो. म्हणून डाळ-दूध बंद करायचं नाही, फक्त वेळ सांभाळायची. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून एखादं बिस्कीट किंवा कोरड्या भाकरीचा तुकडा चालतो. दुसरी गोष्ट बायांसाठी महत्त्वाची. रक्त कमी म्हणून आपण लोहाच्या गोळ्या घेतो. लोह आणि लेव्होडोपा एकत्र पोटात गेले तर एकमेकांना चिकटतात आणि औषध वाया जातं. दोन्हींत कमीत कमी दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चालू आहे हे डॉक्टरांना सांगा.

औषधांमुळे त्वचेवर दिसणाऱ्या इतर गोष्टी

काही बदल मात्र खरंच औषधांमुळे दिसतात. ते ओळखता आले की घाबरायला होत नाही.

लेव्होडोपाने लघवी, घाम आणि लाळ गडद, तांबूस किंवा काळपट होऊ शकते. पांढऱ्या बनियनवर, उशीच्या खोळीवर त्याचे डाग पडतात. ते रक्त नव्हे. एन्टाकापोन नावाची गोळी सोबत असेल तर लघवी नारिंगी-तांबूस होते. हेही अपायाचं नाही. पण लघवी करताना जळजळ, ताप किंवा पोटात दुखणं असेल तर ते वेगळं, त्यासाठी दाखवायला हवं.

अमँटाडीन नावाच्या औषधाने पायांवर जाळीसारख्या जांभळट रेषा उमटतात, विशेषतः बायांमध्ये. घोट्याला सूजही येते. बाहेरची बाधा किंवा रक्त बिघडलं म्हणून लेप लावत बसू नका. पुढच्या तपासणीत पाय उघडे करून डॉक्टरांना दाखवा.

ट्रायहेक्सिफेनिडिल ही थरथरीसाठी दिली जाणारी जुनी, स्वस्त गोळी. तिने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ वाढतं, वयस्क माणसाला विसर पडतो, गोंधळ होतो. घाम कमी येतो, म्हणून आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात अंग तापून धोका होऊ शकतो. अशा माणसाला दुपारी शेतात किंवा पत्र्याखाली बसवू नका.

काही ठिकाणी औषधाची पट्टी त्वचेवर चिकटवायला देतात. ती रोज एकाच जागी लावली तर तिथे लाली आणि खाज येते. रोज जागा बदला. जिथे तेल आणि घाम आहे तिथे ती चिकटतही नाही, म्हणून आधी ती जागा धुऊन कोरडी करा.

आणखी एक. काही औषधांनीच कंपवातासारखी लक्षणं येतात. उलटीसाठी दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड, चक्करीसाठी महिनोन्‌महिने चालू ठेवलेलं सिनारिझीन किंवा फ्लुनारिझीन, मानसिक आजाराची काही औषधं. यांनी हात थरथरतात, चेहरा ताठ आणि तेलकट होतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. कुठली कमी करायची, कुठली बदलायची हे ते ठरवतील.

त्वचा बघताना तिळांवरही नजर टाका. कंपवात असलेल्यांना त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. आपल्याकडे तो क्वचितच होतो, आणि होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली दिसतो. नवा काळा डाग, वेडावाकडा वाढणारा किंवा रक्त येणारा तीळ दिसला तर दाखवून घ्या.

खाजकुहिलीच्या बियांबद्दल

आपल्या कुंपणावर, माळावर खाजकुहिलीचा वेल असतो. शेंगेला हात लागला की अंगभर खाज सुटते. तिच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं. 1937 साली आपल्या देशातल्याच संशोधकांनी ते बियांतून वेगळं काढून दाखवलं होतं. आयुर्वेदात तिला कपिकच्छू म्हणतात आणि कंपवातात ती वापरत आले आहेत. म्हणून हे थोतांड नाही.

पण म्हणूनच जपून राहायचं. गोळीत किती औषध आहे ते पाकिटावर लिहिलेलं असतं. चमचाभर चूर्णात किती आहे ते बी, जमीन आणि कुटणाऱ्यावर अवलंबून असतं. गोळीही घेतली आणि वरून चूर्णही घेतलं तर औषध दुप्पट होतं. मग अंग वेडंवाकडं हलायला लागतं, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, नसलेल्या गोष्टी दिसायला लागतात. चूर्ण घ्यायचं असेल तर वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही एकमेकांचं औषध सांगूनच घ्या.

त्वचेची रोजची काळजी

हे सगळं जमणारं आहे, फारसा खर्च नाही.

चेहरा दिवसातून दोनदा कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. जास्त वेळा धुतला, किंवा कपड्याच्या साबणाने, घासणीने खसाखसा घासला, तर त्वचा सोलते आणि अजून चिडते. लिंबू, खाण्याचा सोडा, चुना चेहऱ्यावर लावू नका. नाकाच्या बाजू, भुवया, कानामागे, बायांच्या बाबतीत स्तनांखालच्या घड्या इथे मऊ कापडाने पुसून कोरडं करा.

डोक्यासाठी किटोकोनॅझोल असलेला औषधी शाम्पू मिळतो. तो बुरशी कमी करतो. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवून घ्या. साधारणपणे आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरायला सांगतात. डोकं ओलं करून शाम्पू लावायचा आणि लगेच धुवायचा नाही. तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवायचा. तेवढ्यात त्याचा फेस भुवयांना आणि कानामागे बोटाने लावायचा, डोळे घट्ट मिटून. मग भरपूर पाण्याने धुवायचं. आराम पडल्यावर आठवड्या-पंधरा दिवसांनी एकदा. हा आजार मुळासकट जात नाही, ताब्यात राहतो. म्हणून बरं वाटलं की शाम्पू एकदम सोडू नका. शिकेकाईची सवय असेल तर हरकत नाही, पण औषधी शाम्पूचं काम ती करत नाही.

आता सगळ्यात अवघड सांगणं. डोकं तेलकट असेल, खपल्या असतील, तर खोबरेल चोपडू नका. कोंडा म्हणजे कोरडेपणा असं समजून आपण वाटीभर तेल जिरवतो. इथे कोरडेपणा नाहीच. आपण त्या बुरशीला वर आणखी खाऊ घालतो. सासूबाईंना तेल लावून घ्यायची आवड असेल तर हातापायाला लावा, पाठ दाबून द्या. डोकं तेवढं सोडा. फार जाड खपल्या असतील तर धुण्याआधी अर्धा तास थोडं तेल लावून त्या मऊ करता येतात, पण त्यानंतर औषधी शाम्पूने सगळं तेल निघालं पाहिजे.

मेडिकलमधून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून आणलेल्या मलमात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावतात. त्वचा पातळ पडते, शिरा दिसायला लागतात, ट्यूब थांबवली की दुप्पट लाल होते. डॉक्टरांनी दिलं तर त्यांनी सांगितले तेवढेच दिवस लावा.

पापण्या कमी लवतात म्हणून डोळ्यांच्या कडेला तेल आणि चिपाडं साचतात. स्वच्छ कापड कोमट पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच मिनिटं ठेवा, मग कडा हलक्या हाताने पुसा. उशीची खोळ आणि टोपी किंवा डोक्याचा रुमाल आठवड्यातून दोन-तीनदा बदला.

अंघोळीची वेळ गोळीवर बेता. गोळी घेतल्यावर तास-पाऊण तासाने अंग मोकळं होतं. तेव्हा माणूस स्वतःच्या हाताने साबण लावू शकतं. न्हाणीत स्टूल ठेवा, खाली खरखरीत पोतं किंवा रबरी पट्टी टाका, भिंतीला धरायला पाइप बसवा. जेवढं तिच्या हाताने होतं तेवढं तिला करू द्या. घाई करून आपण सगळं केलं तर आपलं काम लवकर उरकतं, पण तिची हिंमत जाते.

गटाने काय करायचं

आमच्या एका गटातली ताई सहा महिने बैठकीला आलीच नाही. हप्ता मुलाच्या हाती पाठवायची. हिशोब चोख, म्हणून कोणी विचारलं नाही. नंतर कळलं की कोणीतरी तिला म्हणालं होतं, "तोंड तरी धुऊन यायचं." चार शब्दांनी तिने घर धरलं. गटातल्या दोघी तिच्या घरी गेल्या, तिच्यासोबत आशाताईंना घेऊन दवाखान्यात गेल्या. शाम्पू मिळाला, गोळीची वेळ नीट लागली. चेहरा अजूनही थोडा चमकतो. पण ती येते, आणि आता वहीत नावं तीच पुकारते, कारण जोरात बोलणं हा तिच्या आवाजाचा व्यायाम आहे.

सख्यांनो, आपल्या प्रत्येक गटात अशी एखादी बाई किंवा तिची काळजी घेणारी सून-लेक असेल. पुढच्या बैठकीत विचारा. कोणी येईनाशी झाली असेल तर तिच्या घरी जा. आशाताई आणि उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना सांगा, जिल्हा रुग्णालयात मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांचा दिवस कधी असतो ते विचारून घ्या. एकीला गाडीभाडं जड जातं, तिघी मिळून गेल्या तर परवडतं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत 2001 पासून या रुग्णांसाठी काम करणारी संस्था आहे. त्यांच्या गटांत रुग्ण आणि घरचे एकत्र व्यायाम करतात, अनुभव सांगतात. आपणही आपल्या गावात महिन्यातून एक तास तेवढं करू शकतो. गोल करून बसायला आपल्याला कोणी शिकवायला नको.

दवाखान्यात जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या. कोणती गोळी किती वाजता. गोळीचा असर किती वेळ टिकतो. त्वचेवर कुठे आणि कधीपासून त्रास. आणि घरात चालू असलेली बाकीची सगळी औषधं, चूर्णंसुद्धा. डॉक्टरांपुढे बसलं की माणूस विसरतं आणि वेळ दोन मिनिटांचा असतो. कंपवाताच्या डॉक्टरांना कोंड्याबद्दल काय सांगायचं, असं मनात आणू नका. तेही याच आजाराचं आहे, सांगायलाच हवं.

आणि कोणाचा तेलकट चेहरा दिसला, तर तोंड धुतलं का असं विचारू नका. गोळी घेतली का, आज कसं वाटतं, एवढं विचारा आणि शेजारी जागा करून द्या.